अनुभव धागा : दुकानात कधीच न सापडणारी ती एक फिगर

माळ्यावरचा_डबा
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पत्र्याचा डबा उतरला. आत फनस्कूलचे जी. आय. जो (हातपाय हलणाऱ्या सैनिकांच्या प्लॅस्टिकच्या फिगर), सगळे कमरेत तुटून दोन-दोन तुकडे झालेले. कार्डामागचं ते चित्रांचं पान आठवलं. पानावर डझनाच्या वर सैनिक आणि दुकानात मात्र कायम तेच तीन-चार टांगलेले. बाकीचे जायचे कुठे?

ज्यांना या मालाची आतून माहिती आहे त्यांनी लिहावं, म्हणून हा धागा. "दलाल उचलून नेतात" हे सगळ्यांना माहीत आहे, पण ती शेवटची पायरी. त्याआधी काय होतं ते हवंय.

सुरुवात मीच करतो. फनस्कूल ही एमआरएफ आणि अमेरिकेची खेळण्यांची कंपनी हॅस्ब्रो यांनी १९८७ मध्ये उभी केलेली कंपनी. हॅस्ब्रोचं अमेरिकी बाजारासाठीचं उत्पादन संपलं की पोलादी साचे इतर देशांतल्या परवानाधारकांकडे जायचे. साचा एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. तो परत गेला किंवा झिजला की ती फिगर बंद. नवा साचा पाडण्याचा खर्च इथल्या खपात निघत नसे. त्यामुळे कार्डावरचं चित्र तसंच राहायचं आणि माल यायचा थांबायचा. रंगही घाण्याघाण्याला बदलायचे, म्हणून एकाच सैनिकाच्या दोन-तीन छटा सापडतात. परदेशी जमवणारे आज नेमक्या त्याच छटा शोधतात.

खोका_नंबर_आठ
दुर्मिळपणा खोक्यातच ठरतो, दुकानात नाही. सहा इंची फिगरच्या अनेक मालिकांचा खोका (दुकानदाराला येणारी अख्खी पेटी) ८ नगांचा असतो. समजा एका लाटेत (एकाच वेळी बाजारात येणाऱ्या संचात) ६ पात्रं आहेत. मग नायक २, दुसरं ओळखीचं पात्र २, उरलेली चार १-१. दुकानाने ३ खोके घेतले तर नायक ६ आणि ते आडबाजूचं पात्र फक्त ३. याला शॉर्टपॅक म्हणतात.

खरी कोंडी पुढे होते. आडबाजूची ३ पहिल्याच दिवशी जातात, कारण मुलं नायक घेतात पण जमवणारा प्रत्येक पात्र घेतो. हुकावर उरतो तो नायक. त्याच्याकडे मागच्या लाटेतले भाऊबंद आधीच लटकलेले असतात. संगणकात मात्र पात्रं वेगळी दिसत नाहीत, अख्ख्या खोक्याला एकच कोड असतो. "शिल्लक १५" असं दिसतं, मग नवी मागणी जात नाही. हे लटकून राहिलेले नग म्हणजे पेगवॉर्मर. त्यांच्यामुळे पुढची अख्खी लाटच त्या दुकानात येत नाही. बऱ्याचदा सगळ्यात दुर्मिळ फिगर अशा न आलेल्या लाटेतली असते, शॉर्टपॅक नसूनही.

साधना_ताई_नाशिक
@खोका_नंबर_आठ, म्हणजे दुकानदाराला "मला फक्त ते एकच पात्र मागवून द्या" म्हणून काही उपयोग नाही?

खोका_नंबर_आठ
नाही ताई. त्यालाही अख्खा खोकाच घ्यावा लागतो. त्यापेक्षा खोका फोडायच्या दिवशी ओळखीच्या दुकानदाराला फोन करावा, हे जास्त चालतं. किंवा चौघांनी मिळून एक खोका घ्यायचा आणि आधीच वाटणी ठरवायची. नायकाचा जास्तीचा नग कोण घेणार यावर भांडणं होतात, म्हणून ते पैसे देण्याआधी लिहून घ्या.

पुठ्ठा_आणि_टेप
शॉर्टपॅक आणि चेस यांची गल्लत होतेय अनेकांची. शॉर्टपॅक ही पॅकिंगची वाटणी. चेस मुद्दाम कमी काढतात, रंग किंवा चेहरा बदलून. फंको पॉपच्या (मोठ्या डोक्याच्या बाहुल्या) चेसचं नेहमीचं प्रमाण ६ त १, खोक्याच्या पारदर्शक खिडकीवर चेसचं स्टिकर असतं. स्टिकरही खोटं छापून मिळतं, तेव्हा स्टिकरवर न जाता फिगरमधला बदल बघा.

साच्यातला_माणूस
शॉर्टपॅक कोणाला करायचं हे खर्चावरही ठरतं. धड, दंड, मांड्या हे भाग कंपन्या पुन्हापुन्हा वापरतात, नवं डोकं आणि नवा रंग एवढाच फरक. एखाद्या पात्राला नवे पाय, नवा अंगरखा, वेगळी शस्त्रं लागली की नवा साचा आला. रंगाचा प्रत्येक हात, प्रत्येक टॅम्पो छपाई (मऊ पॅडने उमटवलेली नक्षी) म्हणजे वेगळं काम आणि वेगळे पैसे. लाटेचं अंदाजपत्रक ठरलेलं असतं. म्हणून एका महागड्या नव्या पात्राच्या जोडीला दोन नुसते रंग बदललेले देतात. नवं पात्र फारसं ओळखीचं नसेल तर त्याचा खोक्यात एकच नग.

त्यात बिल्ड-अ-फिगर (लाटेतल्या फिगरसोबत आलेले तुकडे जोडून बनणारी मोठी फिगर) असेल तर आणखी वाट. मोठ्या राक्षसाचा हात एका फिगरसोबत, पाय दुसरीसोबत. एक नग चुकला तर राक्षस लंगडा. म्हणून नको असलेलं पात्रही लोक उचलतात.

रेवा_फ्रॉम_पर्थ
बायकांच्या फिगर कमी का, यावर कुणीतरी लिहा ना! डिसेंबर २०१५ आठवा. स्टार वॉर्सच्या नव्या चित्रपटाची नायिका रे, आणि मोनोपोलीच्या संचात तीच नाही. कंपनीने कारण दिलं की कथानक फुटू नये म्हणून. लोकांनी इतकं लावून धरलं की जानेवारी २०१६ मध्ये संचात रे घालू असं जाहीर करावं लागलं. "मुलगे मुलींच्या फिगर घेत नाहीत" या गृहितकावर खोक्यात १ नग ठेवायचा, तो लगेच संपतो. एकच नग विकला गेला म्हणून आकडा लहान दिसतो आणि पुढच्या वेळी परत १! मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. (बस आली, बाकी नंतर)

साधना_ताई_नाशिक
अगदी अगदी!! भाचीच्या वाढदिवसाला नेमकं हेच होतं दरवर्षी.

कस्टम_क्लिअर
भारतापुरतं बोलायचं तर वरचं सगळं दुय्यम. इथे माल अडतो बंदरावर.

फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. त्याच्या जोडीला गुणवत्ता नियंत्रण आदेश, १ जानेवारी २०२१ पासून लागू. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह हवंच, देशी असो वा परदेशी. बिनविजेच्या खेळण्यांना आयएस ९८७३, विजेवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४.

मेख अशी की परवाना ब्रँडला मिळत नाही, कारखान्याला मिळतो. एकाच मालिकेतल्या फिगर चीन, व्हिएतनाम अशा वेगवेगळ्या कारखान्यांत निघतात. प्रत्येकाची तपासणी, नमुने, शुल्क. एका लाटेतले भारतात येणार काही शे नग, त्यासाठी हा खटाटोप कोण करणार? हॉट व्हील्सच्या छोट्या गाड्यांचं उलटं आहे. मलेशिया आणि थायलंडमधले ठरलेले कारखाने आणि प्रचंड खप, त्यामुळे ते किराणा दुकानातही दिसतं.

प्रौढ संग्राहकांसाठीच्या फिगरच्या खोक्यावर १५+ लिहिलेलं असतं, हॉट टॉइज किंवा बंदाईच्या फिगुआर्ट्ससारखं. त्या १४ वर्षांच्या व्याख्येबाहेर असल्या तरी "हे खेळणं नाही" हे पटवायचं काम आयातदाराचंच. छोटा आयातदार तेवढी थांबायची जोखीम घेत नाही.

बोहरी_आळी
हॉट व्हील्सचा विषय निघालाच आहे तर! ट्रेझर हंट (मुद्दाम थोड्याच काढलेल्या गाड्या) १९९५ मध्ये सुरू झाल्या, १२ गाड्या, प्रत्येकी १०,००० नग. सुपर (त्यातली आणखी दुर्मिळ गाडी) ओळखायची असेल तर रबरी टायर, चकचकीत पारदर्शक रंग (स्पेक्ट्राफ्लेम), गाडीवर टीएच अक्षरं आणि कार्डावर गाडीच्या मागे लपलेलं सोनेरी वर्तुळ-ज्वाळेचं चिन्ह. साध्या ट्रेझर हंटमध्ये चिन्ह चंदेरी आणि टायर प्लॅस्टिकचे. चारही खुणा जुळल्या तरच सुपर. नुसते टायर बदलून विकणारे आहेत, तेव्हा अॅक्सल वाकलेला आहे का आणि कार्डावरच्या पारदर्शक कवचाच्या कडेला परत चिकटवल्याची खूण आहे का ते बघा.

कोल्हापुरी_चाक
भावा, कुठल्या खोक्यात येतात ते पण सांग की.

बोहरी_आळी
वर्षभराच्या खोक्यांना ए पासून क्यू पर्यंत अक्षरं असतात, आय आणि ओ वगळून. कुठल्या अक्षरात कुठली सुपर ते संग्राहक यादी करून ठेवतात. पण अक्षर बाहेरच्या खोक्यावर असतं. दुकानात माल सुटा लावला की अक्षर गेलं. म्हणून हुकावर नुसती त्याच खोक्यातली बाकीची मॉडेलं ओळखायची आणि त्यावरून अंदाज बांधायचा.

फोंड्याचो_बाब
धागा फिगरचा होता ना रे 🙂 फनस्कूलचा कारखाना आमच्या गोव्यात आहे म्हणून सांगतो, ते तुटलेले सैनिक टाकू नका. त्यांच्या कमरेत एक रबरी कडं असतं, ओ-रिंग. तेच कुजतं. फिगर शाबूत असते.

माळ्यावरचा_डबा
खरंच? कसं बदलायचं, सविस्तर लिहा ना.

फोंड्याचो_बाब
१. पाठीत एकच स्क्रू आहे. गंजला असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब आणि दहा मिनिटं थांबा. फुलीचा लहान स्क्रूड्रायव्हर सरळ दाबून फिरवा. तिरका धरला की स्क्रूचं डोकं घासतं आणि मग काही खरं नाही.
२. धड उघडलं की दोन्ही हात आणि डोकं सुटं होतं. उजवा-डावा वेगळा ठेवा.
३. दोन मांड्यांमध्ये धातूचा आकडा आहे. नवी रिंग त्याला अडकवा, कमरेच्या तुकड्यातून वर ओढा आणि धडातल्या स्क्रूच्या खांबाभोवती घाला.
४. हात, डोकं बसवून पुढचा भाग लावा. स्क्रू अडला की थांबा. जास्त आवळलात तर पाठीला चीर जाते.

रिंग हार्डवेअरच्या दुकानात मिळते, जुनीचा तुकडा सोबत न्या. जाड घेतलीत तर पाय ताठ राहतात आणि खांबावर ताण येतो, बारीक घेतलीत तर सैनिक कमरेत डोलतो.

अंगठा सगळ्यात नाजूक. बंदूक अडकवण्याआधी हात मिनिटभर कोमट पाण्यात धरा आणि ठेवून देताना बंदूक काढूनच ठेवा. मांड्या बाहेरच्या बाजूला ताणू नका, जांघेत तुटतात.

पुठ्ठा_आणि_टेप
वा, हे जपून ठेवतोय.

१९७७_वाला
मूळ प्रश्नावर येतो. "दुकानात नाही" याचं सगळ्यात मोठं उदाहरण स्टार वॉर्सच्या फिगर काढणाऱ्या केनर कंपनीचं. १९७७ चा नाताळ, स्टार वॉर्स जोरात आणि फिगर तयारच नाहीत. कंपनीने रिकामं पाकीट विकलं! आत पुठ्ठ्याचं प्रदर्शन-स्टँड, स्टिकर आणि एक प्रमाणपत्र. ते टपालाने पाठवलं की १९७८ मध्ये ल्यूक, लेया, आर-टू-डी-टू आणि चुबाका घरी यायचे.

स्टार वॉर्समधल्या जावा या पात्राचंही तसंच. बुटकं पात्र, अंगावर विनाइलचा झगा, किंमत मात्र मोठ्या फिगरइतकीच. फार स्वस्त वाटतंय म्हणून झगा कापडी केला. विनाइलवाले थोडेच निघाले, म्हणून आज त्यांना सोन्याचा भाव. नकली करणारे ओबी-वानचा विनाइल झगा कापून जावाला घालतात. त्याचा तपकिरी रंग वेगळा असतो आणि कापलेली कड भिंगाखाली लगेच कळते.

त्यातल्याच बोबा फेट या पात्राचं उडणारं रॉकेट तर दुकानात कधी आलंच नाही. पाकिटावरच्या चार खरेदीच्या खुणा कापून पाठवा आणि रॉकेट उडवणारा फेट मिळवा, अशी जाहिरात १९७९ ची. पण दुसऱ्या कंपनीच्या खेळण्यातल्या क्षेपणास्त्राने एका मुलाचा गुदमरून जीव गेला होता. म्हणून रॉकेट पक्कं चिकटवूनच पाठवलं. उडणाऱ्या रॉकेटचे आज जे आहेत ते फक्त कारखान्यातले नमुने. तेव्हा "खोक्यातून निघालेला रॉकेटवाला फेट" कुणी दाखवला तर तिथूनच मागे फिरा. आणि १९८५ ची याक फेस या पात्राची फिगर : अमेरिकेच्या दुकानांत आलीच नाही, कॅनडा-युरोपात विकली गेली.

साधना_ताई_नाशिक
बाप रे, रिकामं पाकीट विकलं आणि लोकांनी घेतलं!

१९७७_वाला
घेतलं ना. आणि आज तेच न फोडलेलं पाकीट मिळवणं अवघड, कारण मुलांनी प्रमाणपत्र पाठवून दिलेलं.

रेवा_फ्रॉम_पर्थ
जुन्या केनर शस्त्रांसाठी पाण्याची चाचणी सांगा की.

१९७७_वाला
वाटीत पाणी, शस्त्र अलगद सोडा. मूळ बहुतेक तरंगतात, नकली बहुतेक बुडतात. बुडबुडा चिकटला की फसगत होते, आणि हल्लीचे काही नकलीही तरंगतात. एवढ्यावर विसंबू नका, साच्याची रेघ आणि तपशिलाची धारही बघा. नकलेच्या कडा बोथट असतात.

कस्टम_क्लिअर
नव्या मालात एक वेगळा धोका. हॅस्ब्रोने २०२२ मध्ये प्लॅस्टिकची खिडकी काढून बंद खोकी आणली. आत काय आहे ते दिसत नसल्याने लोक स्वस्त फिगर घालून परत करायचे. पुढे खिडकी परत आणली. पण त्या काळातला बंद खोका कुणाकडून घेताना तळाची आणि वरची टेप बघा, दुहेरी टेप किंवा उचकटलेला पुठ्ठा असेल तर समोर उघडायला सांगा.

कोल्हापुरी_चाक
जुन्या फिगर चिकट होतात त्यावर काय करायचं? हाताला नुसता डिंक लागल्यासारखं होतंय.

साच्यातला_माणूस
मऊ पीव्हीसीतलं प्लॅस्टिसायझर बाहेर येतं. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, मऊ ब्रश, मग सावलीत पूर्ण वाळवा. रंगाचा हात असलेल्या जागी जोर नको. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आणि अशी मऊ फिगर कडक प्लॅस्टिकच्या गाडीला टेकवून तर अजिबात नको. ते द्रव्य कडक प्लॅस्टिकही विरघळवतं, खड्डे पडतात. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला.

माळ्यावरचा_डबा
@फोंड्याचो_बाब, पहिला स्क्रू निघाला. आकडा शाबूत आहे. उद्या हार्डवेअरवाल्याकडे जुनीचा तुकडा नेतोय. एकूण ९ लागतील.

फोंड्याचो_बाब
१२ घे. बसवताना दोन-तीन तुटतातच.