86 डीबीच्या स्पीकरला ट्यूब ॲम्प घेऊ की सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवाला)?

तारसप्तक:
मंडळी सल्ला हवाय. बुकशेल्फ स्पीकर आहेत, सेन्सिटिव्हिटी (ठरावीक सिग्नलला 1 मीटरवर किती मोठा आवाज) 86 डीबी, इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) 4 ओहम. मुख्यतः गायन आणि तंतुवाद्यं ऐकतो. मित्राकडे 300बी या काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचा सिंगल एंडेड (एकच पॉवर ट्यूब पूर्ण सिग्नल वाढवते असा) ॲम्प ऐकला आणि तेव्हापासून तो आवाज डोक्यातून जात नाहीये, गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येत होता हो. घेऊन टाकू का?

मंद्र_खर्ज:
थांबा, आधी मित्राचे स्पीकर कोणते ते विचारा. 300बी सिंगल एंडेड म्हणजे जेमतेम 8 वॉट, 95 डीबीच्या पुढच्या स्पीकरला ते भरपूर होतात पण तुमच्या स्पीकरचा 86 चा आकडा बहुतेक 2.83 व्होल्टला मोजलेला असणार, 4 ओहमवर ते 2 वॉट होतात, म्हणजे 1 वॉटला 83च धरा. 8 वॉटला 92, तेही 1 मीटरवर. हळू आवाजात छान वाटेल, तान जोरात आली की दम संपेल.

सोल्डरवाला:
+1. शिवाय ट्यूबचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असतो आणि स्पीकरचा इम्पीडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा, त्यामुळे त्याच ॲम्पचा टोन स्पीकरगणिक बदलतो, मित्राकडचा आवाज तुमच्याकडे येईलच असं नाही. सॉलिड स्टेटमध्ये हा फरक नगण्य. तो गोडवा बराचसा सेकंड हार्मोनिकचा, मूळ सुराच्या वरच्या सप्तकातला तोच सूर मिसळतो म्हणून कानाला गोड लागतो. मला स्वतःला तो फार आवडतो, पण या स्पीकरला मी सॉलिड स्टेटच लावेन.

तारसप्तक:
अरे बापरे, हे माहीतच नव्हतं. पण ट्यूबच हवी असेल तर काहीच मार्ग नाही का?

मंद्र_खर्ज:
आहे ना, ईएल34 ट्यूबच्या जोडीचा पुशपुल (दोन ट्यूब सिग्नल वाटून घेतात असा) ॲम्प बघा, 30-35 वॉट मिळतात, फक्त स्पीकर ॲम्पच्या मागच्या 4 ओहमच्या टॅपलाच (जोडणीलाच) जोडा. बायस (ट्यूबमधून सिग्नल नसताना वाहणाऱ्या करंटची सेटिंग) अधूनमधून तपासावा लागतो, पॉवर ट्यूब काही हजार तासांनी बदलाव्या लागतात. आणि स्पीकर न जोडता ॲम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

सोल्डरवाला:
आणि बंद केल्यावरही आत हात घालू नका हं, कपॅसिटरमध्ये 400 व्होल्टच्या आसपास डीसी राहू शकतो. घेण्याआधी ॲम्प घरी आणून तुमच्याच स्पीकरवर ऐकायला मिळतोय का बघा.