मदत हवी आहे: टांझानियातल्या खेड्यात गणित शिकवतोय, मुलं तोंडच उघडत नाहीत

निवृत्त_मास्तर

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातला. मराठी माध्यमात ३१ वर्षं गणित शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झालो. घरी बसून टीव्हीशी भांडण्यापेक्षा बरं म्हणून एका संस्थेतर्फे इथे आलो. दक्षिण टांझानियात न्जोंबेकडचं डोंगरातलं खेडं, माध्यमिक शाळा, फॉर्म वनला (म्हणजे आपली आठवी) गणित. दीड महिना झालाय, वर्ष काढायचंय. खरं सांगतो, परवा रात्री परतीच्या तिकिटाचे दर बघून झाले.

अडचण अशी. वर्गात सत्तरेक पोरं. नियमाप्रमाणे इंग्रजीतून शिकवायचं. तास संपताना मी विचारतो, "म्मेएलेवा?" म्हणजे कळलं का? सगळा वर्ग एका सुरात, "तुमेएलेवा!" कळलं! मग एकाला फळ्याशी बोलावलं की खडू हातात धरून पोर खाली बघत उभं. काल एका मुलीला त्रिकोणाच्या कोनांची बेरीज विचारली. तिने आदल्या दिवशीचा माझाच त्रिकोण फळ्यावर काढला. माझा हात हलून एक बाजू वाकडी आली होती, तीसुद्धा तिने तशीच वाकडी काढली आणि जागेवर जाऊन बसली. इतकी वर्षं शिकवलं, पण असा घाम कधी फुटला नव्हता.

दुसरं म्हणजे छडी. इथे सर्रास चालते. शेजारच्या वर्गातून आवाज येतो आणि माझा खडू थांबतो. नव्वदच्या दशकात मीही छडी वापरलीय, त्यामुळे कुठल्या तोंडाने बोलू?

बाकी किरकोळ. उगाली म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड, ती दोन्ही वेळा. मी शाकाहारी. आणि वेळेचा घोळ! "मीटिंग आठ वाजता" म्हणाले, मी सकाळी आठला हजर. मीटिंग झाली दुपारी दोनला.

कोणी पूर्व आफ्रिकेत राहिलंय का?

चहाबाज

काका, गणित शिकवताय आणि सहा तासांचा फरक कळला नाही? 😀

दारेसलामकर

चहाबाज, गप्प बसा हो. सर, मी ९ वर्षं दार-एस-सलामला होते, त्यातली दोन शिकवण्यात गेली. आधी घड्याळ. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे ७ म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. दुपारचे २ म्हणजे 'सा नाने', आठवा. तुमच्या सहकाऱ्याने मनातल्या आठाचं सरळ इंग्रजी केलं, एवढंच. काट्यांचं घड्याळ असेल तर तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा, ती स्वाहिली वेळ.

आता मुलांचं. ही पोरं सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीतून शिकलीत. सरकारी शाळांत माध्यमिकला एकदम इंग्रजी. आपल्याकडे मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला गेलेल्या मुलांचं पहिल्या सहामाहीत काय होतं, ते तुम्ही पाहिलं असेलच. फरक एवढाच की यांचं ते तीन वर्षं आधी होतं. 'तुमेएलेवा' हे उत्तर नाहीच, तो शिष्टाचार आहे. मास्तरांना "नाही कळलं" म्हणणं म्हणजे "तुम्हाला शिकवता आलं नाही" म्हणण्यासारखं. तो प्रश्नच बंद करा.

त्रिकोणाला त्यांच्याकडे शब्द आहे 'पेम्बेटाटू'. पेम्बे म्हणजे कोन (शिंगालाही तोच शब्द), टाटू म्हणजे तीन. आपल्या त्रिकोणासारखीच घडण! ट्रँगल म्हटल्यावर त्या मुलीला काहीच दिसत नाही, पेम्बेटाटू म्हटलं की तीन कोपरे दिसतात. फळ्याच्या कडेला दोन रकाने कायम ठेवा. जुम्लिशा बेरीज, तोआ वजाबाकी, झिदिशा गुणाकार, गावान्या भागाकार, शेजारी इंग्रजी शब्द. विषयाचं नावच 'हिसाबाती' आहे, आपल्या हिशेबाचं सख्खं भावंड. परीक्षा इंग्रजीत असते म्हणून इंग्रजी सोडू नका, पण आधी स्वाहिलीतून आत शिरा. तिथले शिक्षकही तेच करतात, फक्त कागदावर कबूल करत नाहीत.

पायवाट

मी टांझानियातच सिंगिडाकडे वर्षभर होतो, छडीबद्दल बोलतो. तिथल्या नियमांत मुख्याध्यापक किंवा त्यांनी लेखी परवानगी दिलेला शिक्षकच मारू शकतो, जास्तीत जास्त चार फटके, आणि नोंदवहीत लिहायचं. म्हणजे सर्रास चालतं ते त्यांच्या नियमातही बसत नाही. तरी स्टाफरूममध्ये भाषण देऊ नका. मी दिलं होतं, महिनाभर कोणी चहाला विचारलं नाही. मुख्याध्यापकांशी एकट्यात बोला, आणि "मीही मारायचो" इथूनच सुरुवात करा. ते तोंड तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नव्हतं. स्वतःच्या वर्गातलं पोर शिक्षेला दुसऱ्याकडे मात्र कधीही पाठवू नका.

आणि सर, राहण्याचा परवाना क्लास सी, म्हणजे स्वयंसेवकांना लागतो तो, आहे ना? नुसत्या पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा चालत नाही. संस्थेला आजच विचारा.

दारेसलामकर

जेवणाचं राहिलं. बाजारात 'चोरोको' मागा, ते मूग. 'म्बाझी' म्हणजे तूर. टांझानियाची तूर आपल्याकडेही येते, कदाचित तुम्ही सांगलीतही तीच खाल्ली असेल! 'म्चिचा' म्हणजे आपला माठ, 'करांगा' म्हणजे शेंगदाणे. माठाच्या भाजीत कूट घालून शेजारणीलाही द्या. दारात उभं राहून आधी "होडी" म्हणायचं, आतून "करिबू" आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि मुलं "शिकामो" म्हणतात तेव्हा तुम्ही काय म्हणता?

निवृत्त_मास्तर

मीही शिकामोच म्हणतो की! का?

दारेसलामकर

अरे देवा. शिकामो म्हणजे "पाया पडतो". उत्तर "मराहाबा". तुम्ही दीड महिना बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या पाया पडताय सर 🙏

निवृत्त_मास्तर

आठ दिवसांनी लिहितोय, इथे वीज नव्हती. परवाना क्लास सीच निघाला, पायवाट, आभार. मुख्याध्यापकांशी बोललो. ऐकून घेतलं, 'बघू' म्हणाले. शेजारचा आवाज थांबलेला नाही.

वर्गात दोन रकाने केले. मी 'पेम्बेटाटू' म्हणालो तर मागून हसू फुटलं. माझा उच्चार चुकत होता. त्याच मुलीने उभं राहून मला तीनदा म्हणायला लावलं. मग मी कागदाचा त्रिकोण कापून तिन्ही कोपरे फाडले आणि शेजारी शेजारी ठेवायला तिला दिले. तिने ठेवले, कडेला पट्टी लावून बघितली आणि म्हणाली, "म्स्तारी." सरळ रेषा. १८० तिने लिहिलं नाही, मीही घाई केली नाही.

एक शंका आणखी. जूनमध्ये इथे कडाक्याची थंडी पडते म्हणतात. मी आणलेत सगळे सुती शर्ट. घरून स्वेटर मागवू का?

पायवाट

पोस्टाचे पैसे वाचवा. आठवडी बाजारात 'मितुंबा' विचारा, जुने परदेशी कपडे ढिगाने असतात. सकाळी लवकर गेलात तर लोकरी कोट मिळेल. आणि कोळशाची शेगडी पेटती ठेवून खोली बंद करून झोपू नका.

चहाबाज

सकाळी लवकर म्हणजे सा मोजाला, काका. सातला.