‘फाइन’ म्हणजे ‘बारीक’ लिहिलं तर चूक कसं?

गिरणीवाली ताई, अमळनेर

नमस्कार मंडळी. माझी पिठाची गिरणी आहे. मुलगा सातवीत, मराठी माध्यमात. परवा सराव पेपरात ‘फाइन’चे दोन समानार्थी शब्द लिहायला आले होते. त्याने ‘थिन’ आणि ‘प्युअर’ लिहिलं. दोन्हींवर लाल फुली, आणि शेजारी बाईंच्या अक्षरात ‘गुड, नाइस’. पोरगं डोळे पुसत गिरणीत आलं.

त्याने काही मनाने लिहिलं नव्हतं. आमच्या चक्कीच्या चाकाशेजारी पत्र्यावर कोरलंय, एका अंगाला ‘फाइन’, दुसऱ्या अंगाला ‘कोर्स’ म्हणजे जाडं. चाक आवळलं की दगड जवळ येतात नि पीठ बारीक पडतं. आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया जवळ आली, रोज पुरणाच्या मांड्यांसाठी गव्हाचं दळण येतंय. ‘बारीक दयी दे व माय’, ही एकच मागणी. तरी बायका घरी नेऊन कापडातून पुन्हा चाळतात. पोरगा हे लहानपणापासून बघतोय, म्हणून ‘थिन’. आणि त्याचा मामा जळगावला सराफ दुकानात कामाला आहे, तिथून ‘प्युअर’ आलं.

त्याच आठवड्यात वाचनालयात पुस्तक उशिरा दिलं म्हणून पावती मिळाली, तिच्यावरही ‘फाइन’, ५ रुपये. त्याने मला विचारलं, ‘आई, चांगल्यालाही फाइन, बारीकलाही फाइन, मग दंडाला फाइन का?’ मी दहावीपर्यंत शिकले. मला सांगता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलं. कुणी नीट समजावून सांगाल का?

निवृत्त मास्तर, चोपडा

ताई, तुमच्या मुलाने जे पाहिलं ते लिहिलं, ही फार मोलाची गोष्ट आहे. आधी त्याचा ‘थिन’ बघू. केस, धागा, पेनाची रेघ यांना ‘फाइन’ म्हटलं तर तिथे ‘थिन’ चालतं. पिठाला मात्र इंग्रजीत ‘थिन’ म्हणत नाहीत. त्या शब्दात जाडीचा पातळपणा आहे, कणाचा बारीकपणा नाही. आपणही केसाला बारीक म्हणतो, पिठाला बारीक म्हणतो, पण तलम फक्त कापडाला आणि वस्त्रगाळ फक्त पिठाला किंवा चूर्णाला. इंग्रजीने हे सगळं एका ‘फाइन’वर भागवलंय. म्हणून शेजारी कोणता शब्द आहे ते कळल्याशिवाय त्याचा समानार्थी शब्द सांगताच येत नाही. नुसता सुटा ‘फाइन’ देऊन प्रश्न विचारला, तिथेच तो प्रश्न कच्चा राहिला.

आता दंडाचं. मूळ लॅटिन शब्द ‘फिनिस’, म्हणजे शेवट, हद्द. एखादी वस्तू घासूनपुसून, गाळून पार शेवटच्या टोकाला नेली की ती उत्तम, शुद्ध, बारीक. आपली ‘पराकाष्ठा’ अशीच, मूळ अर्थ शेवटची मर्यादा. दुसऱ्या वाटेने तोच ‘शेवट’ कोर्टात गेला. जुन्या इंग्लंडात जमिनीचा वाद मिटवून कोर्टात जो शेवटचा करार होई, त्यालाच ‘फाइन’ म्हणत. ११९५ पासून तो एकाच चामड्यावर तीनदा लिहीत आणि नागमोडी कापत. दोन तुकडे दोन पक्षांना, तळाचा सरकारी खजिन्यात. कुणी खोटा तुकडा आणला तर कापलेल्या कडा जुळत नसत. ही पद्धत १८३३ च्या कायद्याने बंद झाली. प्रकरण मिटवायला जे पैसे भरायचे, त्यांनाही हाच शब्द लागला आणि पुढे तो दंड झाला.

फायनल, फिनिश, फायनान्स, सगळी त्याच घरची लेकरं. तुमच्या घरचा रिफाइंड तेलाचा डबासुद्धा.

सराफ बाजार, जळगाव

ताई, ‘प्युअर’वरची फुली मला पटली नाही. आमच्याकडे दिवसातून पन्नासदा ‘फाइन किती?’ असं विचारतात. २२ कॅरेटच्या दागिन्यावर ९१६ असतं, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. १० ग्रॅमचा दागिना असेल तर ‘फाइन’ ९.१६ ग्रॅम, बाकी तांबं, चांदी वगैरे. १८ कॅरेटचं ७५०. इथे ‘फाइन’चा अर्थ छान नाही, सुंदर नाही, निव्वळ शुद्ध. मोड आणणाऱ्या गिऱ्हाइकाला हा एक शब्द कळला तरी त्याचं नुकसान टळतं. भाच्याला सांगा, मामाकडे बरोबर शिकलास.

क्रिकेटवेडा, धुळे

मुलगा क्रिकेट खेळत असेल तर त्याला ‘फाइन लेग’ दाखवा. तिथे ना छान, ना दंड. स्टंपांची रेघ मागे वाढवली तर तिच्या जितकं जवळ तितकं फाइन, रेघेपासून दूर बाजूला गेलं की स्क्वेअर. बारीक कोन म्हणा ना.

आणखी एक. इंग्लंडातल्या मॅचच्या वेळी हवा ‘फाइन’ आहे म्हणतात तेव्हा पाऊस नाही, आभाळ मोकळं, एवढाच अर्थ. आपला शब्द ‘उघडीप’. पण तिकडची उघडीप सुखाची. आमच्याकडे पेरणी झाल्यावर जुलैत तीन आठवडे उघडीप पडली तर घरात कुणाला जेवण जात नाही. तिथे मी तरी ‘फाइन’चं भाषांतर ‘छान हवा’ असं करू शकत नाही.

गिरणीवाली ताई, अमळनेर

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री पोराला शेजारी बसवून एकेक उत्तर वाचून दाखवलं. चामड्याचा तुकडा नागमोडी कापायची गोष्ट त्याने तीनदा वाचायला लावली, मग वहीचं पान तसंच कापून जुळवून बघितलं.

मग म्हणाला, ‘आपला दंड पण तसाच आहे ना?’ दंड म्हणजे बाहू, दंड म्हणजे जोर-बैठकांतला, शेतात पाणी न्यायचा दंड, आणि वाचनालयाचा. सासूबाई अंथरुणावरून ऐकत होत्या. उठल्या, ट्रंकेतून त्यांच्या आईचं लुगडं काढलं. मधलं विरलेलं कापड कापून दोन बाजू जोडलेल्या, हिरव्यावर काळ्या दोऱ्याची आडवी शिवण. म्हणाल्या, ‘याले बी दंडच म्हणतस, बेटा.’ त्या शिवणीवरून तो कितीतरी वेळ बोट फिरवत होता. टाके खरंच इतके बारीक आहेत, की उजेडात धरल्याशिवाय दिसत नाहीत.

सोमवारी बाईंना भेटते. गुण वाढवून नकोत मला. पुढच्या पेपरात शब्दासोबत एक वाक्य द्या, एवढंच मागेन.