धोका माहीत असूनही लपवला, तर तुरुंग का नको?

पाणकावळा:
जपानमधल्या मिनामाता खाडीत चिस्सो कंपनी १९३२ पासून पारा मिसळलेलं सांडपाणी सोडत होती. तिथले मासे खाणाऱ्यांचे हातपाय थरथरू लागले, वाचा गेली, आईच्या पोटातल्या बाळांनाही विष भिनलं. १९५९ मध्ये कंपनीच्याच दवाखान्यातल्या डॉ. होसोकावांनी ते सांडपाणी मांजराला अन्नातून दिलं. मांजराला तोच आजार झाला. निष्कर्ष दाबला गेला आणि पारा सोडणं थांबलं थेट १९६८ मध्ये! पुढे कंपनीचे माजी अध्यक्ष आणि कारखान्याचे व्यवस्थापक दोषी ठरले, पण शिक्षा स्थगित राहिली. माझ्या मते अशा लोकांनी तुरुंगात जायलाच हवं.

लंबक:
असहमत. मिनामातात दोषी समोर दिसतो, सगळीकडे तसं नसतं. फ्रिज थंड ठेवायला वापरलेलं सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) आलं तेव्हा फ्रिजमधले विषारी वायू गळून माणसं दगावत होती. हे नवं रसायन बिनविषारी, न पेटणारं. ते वातावरणातल्या ओझोनच्या थराच्या मुळावर येईल हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं. तोवर दोषी कोण? शिवाय तुरुंगाची टांगती तलवार असेल तर कुठलाही इंजिनिअर धोक्याची लेखी नोंद करणार नाही.

पाणकावळा:
मी बोलतोय ते कळल्यानंतरच्या काळाबद्दल. १९७४ नंतरही उत्पादक 'पुरावा अपुरा' म्हणत राहिले. सीएफसीला आवर घालणारा माँट्रियल करार व्हायला १९८७ उजाडलं.

गाळपेर:
शिक्षा नंतरची गोष्ट, आधी तपासणी बघा. ब्राझीलमध्ये २०१५ साली मारियानाजवळ खाणीच्या गाळाचा बांध फुटला, १९ माणसं गेली. २०१९ मध्ये ब्रुमादिन्योचा फुटला, २७० गेली. दोन्ही खाणींशी 'वाले' या खाण कंपनीचा संबंध. दुसऱ्या बांधाला तो फुटण्याच्या काही महिने आधी 'स्थिर' असल्याचा दाखला मिळाला होता आणि दाखला देणाऱ्या संस्थेला पैसे खाणमालकच देत होता. चीड येते ती याची. तपासनीस सरकारने नेमावा.

लंबक:
आणि सरकारच दोषी असेल तर? मध्य आशियातला अरल समुद्र कुठल्या खाजगी कंपनीने आटवला नाही. कापसासाठी त्याला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी वळवायचं हे सोव्हिएत सरकारनेच ठरवलं. समुद्र आटणार हे नियोजनकर्त्यांना माहीत होतं, त्यांनी तो हिशेबात धरला होता. तिथे कुणाला आत टाकणार?

पाणकावळा:
हिशेबात धरलं होतं ना? मग तो हिशेब किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना आधी दाखवायला हवा होता. अरलच्या काठचं मुयनाक बंदर कोरडं पडलं, तिथल्या माणसांना कुणी विचारलंही नव्हतं. सरकार असो वा कंपनी, धोक्याची कागदपत्रं दडवणं हाच गुन्हा ठरवा. तुमच्या इंजिनिअरने नोंद केली तर तो सुटेल, ती दाबणारा अडकेल.

लंबक:
एवढंच कलम असेल तर माझा विरोध नाही. तुरुंगाबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.