डॅन्यूबकाठची सायकल सहल: सोलापूरकरांची तयारी

प्रेषक: सात रस्त्याचे काका, सोलापूर

नमस्कार मंडळी,

मुलाने माझा पत्ता तुमच्या मंडळाच्या या ईमेल यादीत घातलाय, म्हणून थेट लिहितोय. सप्टेंबरातल्या पासाऊ ते व्हिएन्ना सहलीला सोलापुरातून आम्ही पाच जण येयलोय. सगळे कुणा ना कुणा सभासदाचे आईवडील नाहीतर सासूसासरे, साठीच्या अलीकडे-पलीकडे. पहाटे संभाजी तलावापाशी जमतो आणि ऊन चढायच्या आत घरी. दोघे जण तुळजापूर करून आले, तेव्हापासून त्यांनी बाकीच्यांच्या मागे घाट चढायच्या सरावाचा धोशा लावलाय. होटगी रोडच्या मावशी विचारतात, नदीकाठच्या रस्त्याला घाट कशाला?

हा वाद तुम्हीच मिटवा. दुसरं, आमचा एजंट म्हणतो विमान म्युनिकला उतरतंय, म्हणजे व्हिसा सगळ्यांचा जर्मनीचाच. तिसरं, एकाने गिअरची नवी सायकल घेतलीय आणि ती विमानात घालूनच आणणार म्हणतोय. काय सांगू त्याला?

---

प्रेषक: सहलप्रमुख, म्युनिक

काका, नमस्कार.

आधी व्हिसा, कारण तो राहिला तर बाकी सगळं राहिलं. विमान कुठे उतरतं हा मुद्दा नाही, कुठल्या देशात जास्त रात्री काढणार हा आहे. सहलीतली पहिली रात्र पासाऊला, म्हणजे जर्मनीत. पुढच्या सगळ्या ऑस्ट्रियात. जे सहल संपवून व्हिएन्नाहूनच परत जाणार, त्यांचा अर्ज ऑस्ट्रियाकडे. तुम्ही मात्र नंतर जर्मनीत मुलाकडे दोन-तीन आठवडे राहणार आहात, तेव्हा तुमचा जर्मनीकडे. म्हणजे एकाच सहलीतल्या पाच जणांचे अर्ज दोन देशांकडे जातील. एजंटला विचारू नका, सांगा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण शेवटच्या आठवड्यांवर ठेवू नका. बोटांचे ठसे द्यायची वेळ मिळण्यातच दिवस जातात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालू हवा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. घेताना त्यात सायकल चालवताना झालेली दुखापत धरली आहे का, ते छापील अटींमध्ये बघा. विकणारा तोंडी काय म्हणतो त्याला अर्थ नाही.

आता घाट. मी मावशींच्या बाजूने. पासाऊ ते व्हिएन्ना अंतर ३०० किलोमीटरच्या थोडं वर आहे, जवळजवळ सगळं सपाट आणि नदीच्या प्रवाहाबरोबर. वाराही बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीवर. रोज ४० ते ६० किलोमीटर होतील. एका रविवारी तुळजापूर गाठणाऱ्याला हे अंतर काहीच नाही. त्रास होतो तो तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटवर बसताना. म्हणून महिन्यातून एकदा मोठी मजल मारण्यापेक्षा लागोपाठ तीन दिवस चाळीसेक किलोमीटर चालवा. बार्शी रोडने नान्नजपर्यंत जाऊन या, दुसऱ्या दिवशी परत तेच. तुळजापूरच्या हायवेवर ट्रकांच्या मधून जायचा हट्ट सोडा. जोर आजमावायचाच असेल तर पावसाळ्यात अक्कलकोटहून परत या. वारा तोंडावर असतो, घाटाची हौस तिथेच फिटेल.

नवी सायकल सोलापुरातच राहू द्या. भाड्याची सायकल सहलीच्या पैशांत धरलेली आहे आणि पंक्चर झालं तर वाटाड्याकडे तिचेच सुटे भाग असतात. फार तर सवयीची सीट काढून आणा, इथे लावून देतील.

मला खरी काळजी ब्रेकची आहे. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, इथे डाव्या. घाबरल्यावर हात विचार करत नाही. सवयीने मागचा समजून डावा करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. सायकलच्या दुकानात सांगून आत्ताच केबली उलट्या जोडून घ्या आणि जायच्या दिवसापर्यंत तशाच चालवा. घरातल्या दुसऱ्या कुणाला मात्र ती सायकल देऊ नका! इथल्या काही सायकलींना पेडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो. थांबल्यावर पेडल मागे फिरवून पाय ठेवायची ज्यांना सवय आहे, त्यांनी तसली सायकल घेऊ नये. मी नोंदणीतच लिहून देतो.

आणि रस्ता उजव्या बाजूचा. दुसऱ्याला डावीकडून ओलांडायचं, घंटी वाजवून. चौकात आधी डावीकडे बघायचं. हा सराव सोलापुरात करू नका, पोलीस धरतील.

---

प्रेषक: होटगी रोडच्या मावशी

घाटाचा निकाल माझ्या बाजूने लागला, आभारी आहे. आता बायकांचे प्रश्न, जे काका विचारणार नाहीत. सीट टोचू नये म्हणून घालतात त्या गादीच्या चड्डीवर पंजाबी ड्रेस चालेल का? माझी उंची कमी आहे, दांड्यावरून पाय टाकता येत नाही. बॅटरीची सायकल घेतली तर हे लोक वर्षभर चिडवतील, पण मला घ्यायची आहे. आणि मी शाकाहारी आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि सुनेसाठी खवा आणणार आहे.

---

प्रेषक: एक सभासद, व्हिएन्ना

मावशी, नमस्कार. वर कुर्ता चालेल, गुडघ्याच्या वरचा. सलवार नको, पायघोळ साखळीत जातो. ओढणी तर नकोच. गादीच्या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नाही. शिवण घासते आणि दुसऱ्या दिवशी बसवत नाही. दोन घ्या, रोज रात्री एक धुवायची. आणि नवी चड्डी पहिल्यांदा इथे घालू नका, नान्नजच्या रस्त्यावर घाला.

बॅटरीची जरूर घ्या, बिनदांड्याची मागा. पेडल मारत राहिलं तरच मोटर मदत करते आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर तीही थांबते, तेव्हा फुकट काही नाही. पण ती जड असते, पंचवीस किलोच्या आसपास. चालवताना कळत नाही, थांबताना कळतं. बहुतेक लोक पडतात ते उभ्या सायकलवरून. म्हणून थांबायच्या आधी सीटवरून पुढे उतरून एक पाय जमिनीवर टेकवायचा सराव करा.

भाकरी आणि चटणी आणा, आमच्यासाठी जास्तच आणा. खवा मात्र नाही. भारतातून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे. पेढे आणि तूपही त्यातच आलं. इथे चीज, बटाटा, पाव मुबलक, पण सूप विचारून घ्या. धिरड्याच्या बारीक पट्ट्या घातलेलं फ्रिटाटेनझुप्पे दिसायला निष्पाप असतं, पाणी गोमांसाचं. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच फळं घेऊन ठेवायची. नळाचं पाणी बिनधास्त प्या. सुटी नाणी जवळ ठेवा, श्ल्योगेनच्या वळणापाशी नदी ओलांडायला छोटी होडी आहे.

मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ खोऱ्याचा भाग घाईने उरकू नका. त्याला २००० साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. द्राक्षमळे थेट रस्त्याला लागतात आणि सप्टेंबरात तोडणी चालू असते. काकांच्या मित्रांना सांगून ठेवा, ऑस्ट्रियात सायकलस्वारालाही दारूची मर्यादा आहे, रक्तात ०.८ प्रति हजार. दुपारी वाइनची चव घेऊन पुढे वीस किलोमीटर मारायचा बेत असेल तर विसरा. लिंझच्या पुढे माउटहाउझेनची नाझी छळछावणी आहे. तिथे जाणार असाल तर त्या दिवसाचं अंतर कमी ठेवायला हवं. वाटाड्याला आधी कळवा.

---

प्रेषक: सात रस्त्याचे काका, सोलापूर

सगळं वाचून दाखवलं. तिघांचा व्हिसा जर्मनी, दोघांचा ऑस्ट्रिया, एजंटला लिहून दिलंय. माउटहाउझेनला चार जण येणार, पाचवे म्हणतात मी बाहेर थांबेन, थांबू द्यात. ब्रेकच्या केबली बदलायला दुकानदार तयार नव्हता, म्हणाला "काका, पडलात तर माझं नाव येईल." शेवटी मावशी स्वतः जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा केलं. शुक्रवार, शनिवार, रविवार पहाटे साडेपाचला पार्क चौकातून नान्नज. तुळजापूरवाले रुसलेत, पण येतील.

आणि मावशी विचारतायत, खवा नाही तर चटणी किती किलो आणायची ते सांगा, दगडी खलबत्त्यात कुटायला वेळ लागतो.