रेंज ट्रेकला पाच जण आणि पाच स्पीड, कसं जमवायचं?

अजिंक्यताऱ्याखाली
नमस्कार मंडळी, साताऱ्यातून विचारतोय. आम्ही पाच जण आहोत, दोन कॉलेजचे मित्र, एक ऑफिसातला, माझी मावसबहीण आणि मी. एका दिवसाचे ट्रेक सगळ्यांचे भरपूर झालेत पण सगळं सामान पाठीवर घेऊन सलग चार-पाच दिवस डोंगररांगेनं चालायचं, म्हणजे रेंज ट्रेक, हे कुणीच केलेलं नाही. डिसेंबरात निघायचंय. डोक्यात असं होतं की महाबळेश्वरवरून धारेनं दक्षिणेकडं सुटायचं, मकरंदगड, वासोटा, भैरवगड करत थेट प्रचितगड. रूट चालतो का ते सांगाच, पण खरा प्रश्न वेगळा आहे. परवा कल्याणगडला गेलो तर एक जण वर जाऊन फोटोबिटो काढून खाली यायला लागला तेव्हा दुसरा अजून अर्ध्यातच. एका दिवसापुरतं हसून सोडून दिलं, पण हे रोज झालं तर तिसऱ्या दिवशी बोलणं बंद होणार हे नक्की. आणि सामान कसं वाटायचं? एकाचं म्हणणं जो फास्ट चालतो त्यानं जास्त उचलावं, त्यावरून ग्रुपवर आत्ताच वाजलंय.

घसारा
भावा आधी रूटचं बोलू, कारण तो जमणारच नाही. मकरंदगडापर्यंत ठीक. पुढं कोयना अभयारण्य आणि त्याच्या खाली चांदोली राष्ट्रीय उद्यान, दोन्ही मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय. वासोट्याला बामणोलीत वनखात्याची परवानगी काढायची, बोटीनं जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं, किल्ल्यावर मुक्काम बंद आहे. जुनी मंडळी सांगतात आम्ही वासोट्याला राहून नागेश्वरची गुहा करून खाली कोकणात चोरवणे गावात उतरलो, ते दिवस गेले. परवानगी नसताना आत शिरलात तर गुन्हा दाखल होतो. आणि गवा समोर आला तर तुमच्यात कोण फास्ट हा प्रश्न जागेवरच मिटेल.

त्यापेक्षा रायरेश्वर-केंजळगड-कमळगड करा, पुढं जोर गाव आणि तिथनं चढून क्षेत्र महाबळेश्वर. वाईहून खावलीला एसटी आहे. केंजळगड आणि रायरेश्वराच्या मधल्या खिंडीतनं आधी रायरेश्वरावर जा, तिथं जंगम मंडळींची घरं आहेत, जेवणाची आणि झोपायची सोय होते, म्हणजे पहिल्या रात्री स्टोव्ह काढायचीसुद्धा गरज नाही. दुसऱ्या दिवशी केंजळगड. कातळात कोरलेल्या त्या मोठ्या पायऱ्या सॅक घेऊन चढताना गुडघा छातीला लागतो. मग खोऱ्यात उतरून वासोळ्याकडनं कमळगड. कमळगडावरची कावेची विहीर चुकवू नका, डोंगराच्या पोटात पायऱ्या उतरत जातात, दोन्ही बाजूला लालभडक गेरूच्या भिंती, बाहेर ऊन रणरणत असताना आत अंगावर काटा येईल इतकं गार, आणि भिंतीला हात लावला की बोटं लाल होतात ती दिवसभर जात नाहीत. तिथनं नांदगणेला उतरून कृष्णेच्या कडेनं जोर, हा तुकडा बराचसा रस्त्यानं आहे, कंटाळवाणा आहे, पण सगळ्यांना श्वास घ्यायला बरा. महाबळेश्वरला पोचल्यावर पायात दम उरला तर प्रतापगड, नाहीतर गप एसटी धरा.

दंडोबाची_लेक
मी मिरजेची, आमचा मिक्स ग्रुप आहे, वर्षानुवर्षं तीच माणसं, त्यामुळं भांडणांचा अनुभव दांडगा आहे :)

स्पीडचं सांगते. सगळे म्हणतात फास्ट माणसानं पुढं जाऊन थांबावं. थांबतो की तो, पंधरा मिनिटं बसतो, पाणी पितो, गार होतो, आणि मागचा धापा टाकत पोचला रे पोचला की हा उठून म्हणतो चला. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज आहे त्याला दिवसभर एक मिनिट बसायला मिळत नाही आणि ज्याला नाही तो दर तासाला पाय पसरून बसलेला. मागचा दोन दिवस काही बोलत नाही, तिसऱ्या दिवशी मग खिचडीत मीठ कमी पडलं म्हणून भडकतो. आमच्याकडं आता चढाला सगळ्यात हळू चालणारा दोन नंबरला असतो, एक नंबरला वाट ओळखणारा, आणि सगळ्यात दमदार गडी शेवटी. त्याला पहिल्या दिवशी लय बोर होतं, मग सवय होते. थांबलो की शेवटचा माणूस बसल्यापासून वेळ मोजायची. आणि फाटा आला की सगळे गोळा झाल्याशिवाय कुणी पुढं जायचं नाही, कारण सह्याद्रीत ढोरवाटा एवढ्या फुटतात की दहा मिनिटांत दोघं डोंगराच्या दोन वेगळ्या सोंडांवर दिसतात.

सामान वेगावर नाही, अंगाच्या वजनावर वाटा. साधारण एक पंचमांश धरतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला १० आणि ७५ च्या गड्याला १५, पाण्यासकट. निघायच्या आदल्या दिवशी सगळं एका घरात ओता आणि किराणा दुकानातला काटा आणून खरंच मोजा, डोळ्यानं मोजलं की ज्याच्या हातात सॅक त्याला ती जडच वाटते. आणखी एक, शिधा रोज कमी होतो, टेंट होत नाही. तांदूळ-डाळ घेतलेला तिसऱ्या दिवशी मोकळा चालतो आणि टेंटवाला तसाच वाकलेला, म्हणून रोज सकाळी कॉमन सामान फिरवायचं. जो दमलाय त्याच्या सॅकमधला शिधा आधी संपवायचा.

आणि भडंग कधीही पुढच्या माणसाकडं देऊ नका. आमचे पुढारी एकदा खिंडीत आमची वाट बघत बसले होते, आम्ही पोचलो तर पिशवीच्या तळाशी नुसता लसूण आणि कढीपत्ता. त्या भडंगाचा विषय अजून लग्नकार्यात निघतो.

तुझ्या बहिणीचं: चार मुलांत एकटी असेल तर वाटेत थांबायचं कुठं हे तिला दरवेळी मागायला लावू नका. मुली मग पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. ती "पुढं व्हा" म्हणाली की सगळ्यांनी वळण पार करून थांबायचं, कारण विचारायचं नाही, एवढं आधी ठरवून टाका.

धोमकाठ
वाईचा आहे, माझे दोन पैसे. डिसेंबरात वरचे ओढे आटायला लागलेले असतात, माणशी तीन-चार लिटर धरूनच चाला, लिटरला किलो वजन, ताईंनी पाणी धरून हिशोब सांगितलाय तो बरोबर आहे. प्रत्येक गावात भरून घ्या, पुढं गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यात मिळेल या भरवशावर निघू नका.

नेटवरच्या जुन्या ट्रॅकवर तर अजिबात विसंबू नका. २०२१ च्या जुलैत आमच्या खोऱ्यात आणि महाबळेश्वरच्या उतारांना दरडी कोसळल्या, काही ठिकाणी पायवाट होती तिथं आता नुसता घसारा, म्हणजे सुटी माती-दगडं आहेत. जोरहून वरच्या चढाला गावातला एक माणूस सोबत घ्या, त्याचे पैसे आधी ठरवा आणि न घासाघीस करता द्या. वाट विचारायची पण रीत असते बरं का. "ही वाट कमळगडला जाते ना?" असं विचारलं की समोरचा म्हातारा भल्यापणानं हो म्हणतो. "कमळगडला कुठनं जायचं?" असं विचारा, मग तो हातातली काठी वर करून बरोबर दिशा दाखवतो.

कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर आवाज नको, धूर नको, परफ्यूम तर घरीच ठेवा. गवत वाळलेलं असतं, शेकोटीचा नाद करू नका, एका ठिणगीत अख्खी सोंड पेटते.

अजिंक्यताऱ्याखाली
सगळ्यांचे लय आभार. रूट बदलला, वासोटा आता नंतर कधीतरी बोटीनं. दंडोबाची_लेक ताई, तुमचा रिप्लाय ग्रुपवर टाकला तर दोन तास कुणी काही बोललं नाही, मग बहिणीनं नुसता अंगठा पाठवला. फास्ट वाला शेवटी राहायला तयार झालाय, पण म्हणतोय भडंग माझ्याकडं पायजे. आता सांगा, टेंट घ्यायचे का? रायरेश्वरला घरात सोय आणि बाकी गावात देवळं असतील तर पाच किलो उगाच कशाला ओढायचे असं वाटतंय.

घसारा
टेंट नको. देवळात राहायचं तर आधी गावात विचारून, पुजाऱ्याला किंवा सरपंचाला, आणि सकाळी झाडून निघायचं. फक्त थंडी हलक्यात घेऊ नका, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठल्याच्या बातम्या येतात त्या याच दिवसांत. स्लीपिंग बॅग आणि कॅरीमॅट प्रत्येकाची स्वतःची, शेअरिंग नाही, आणि टेंटऐवजी एक पातळ प्लास्टिक ताडपत्री टाका, देवळाची फरशी बर्फासारखी लागते.

दंडोबाची_लेक
त्याला भडंग द्या, पण पिशवीला गाठ मारून :) आणि निघायच्या आधी दोन-तीन रविवार भरलेल्या सॅक घेऊन यवतेश्वर चढून या सगळ्यांनी मिळून. बेल्ट कुठं काचतोय, बूट कुठं चावतोय ते घराजवळच कळलेलं बरं. बहिणीची सॅक पुरुषांच्या मापाची असेल तर कमरेचा बेल्ट नीट बसतोय का बघा, तो बसला नाही की सगळं वजन खांद्यावर येतं.

धोमकाठ
खावलीच्या गाडीची वेळ वाई डेपोत आदल्या दिवशी फोन करून विचारा, शाळेच्या सुट्टीत फेऱ्या बदलतात.