मदत हवी आहे : आईच्या खुब्याचं फ्रॅक्चर, क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू
काल पहाटे आई (वय 78) मोरीत घसरली. उजवा पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेर वळलंय. एक्स-रेत इंटरट्रोकँटेरिक फ्रॅक्चर निघालं, म्हणजे मांडीचं हाड खुब्याजवळ, मानेच्या खाली मोडलंय. ऑर्थोपेडिक डॉक्टर म्हणतात पीएफएन नेल घालू: दोन-तीन छोटे छेद, सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन) बघत हाडात सळई, वर खुब्याच्या बॉलमध्ये स्क्रू. रक्त कमी जातं, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. शेजारच्या काकू मात्र 'बॉलच बदला' म्हणून हटून बसल्यात. त्यांच्या जाऊबाईंचा बदलला होता, पण त्यांचं मांडीचं हाड बॉलच्या लगेच खाली, हाडाच्या मानेपाशी मोडलं होतं. ते प्रकरणच वेगळं, त्यामुळे मला नेल पटतंय.

खरी अडचण पुढेच आहे. आईला दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, क्लोपिडोग्रेल चालू आहे. फिजिशियन म्हणतात गोळी बंद करून पाच दिवस थांबा, नाहीतर रक्त जास्त जाईल. ऑर्थोवाले म्हणतात 48 तासांत उरकू, पडून राहिली तर न्यूमोनिया, पाठीला जखमा. कोणाच्या घरी या गोळीवर असताना ऑपरेशन झालंय का? भूल कमरेत दिली की पूर्ण? मोरीपर्यंत स्वतः जायला किती दिवस लागले?

आई अधूनमधून विचारतेय, तुळशीला पाणी घातलं का. उद्या सकाळी फॉर्मवर सही करायचीय, अनुभव असेल त्यांनी आजच कळवा.